व्हीलचेअर घरभर फिरेल असा बंगला: नकाशा कसा ठरवायचा

मणक्याच्या दुखापतीनंतर माझा दादा व्हीलचेअर वापरू लागला आणि काही वर्षांनी आम्ही साताऱ्याजवळ चाळीस बाय साठच्या प्लॉटवर घर बांधायला घेतलं. घरात आई, दादा-वहिनी, त्यांची दोन मुलं आणि मी. नकाशे बघायला लागलो तेव्हा कळलं की 'अपंगांसाठी सोय' म्हणून जे दाखवतात ते बहुतेक वेळा एवढंच असतं: दाराशी रॅम्प, हॉलला लागून एक खोली, तिला जोडून संडास. बाकीचं घर नेहमीसारखं. म्हणजे घरातल्या एका माणसाच्या वाट्याला एक खोली, आणि स्वयंपाकघर, देवघर, मागचं अंगण, मुलांची खोली त्याने लांबूनच बघायची. दादाची अट साधी होती: तुम्ही सगळे घरात जिथे जाता तिथे मलाही कुणाला हाक न मारता जाता आलं पाहिजे.

ही अट पाळायची तर कामाचा क्रम बदलावा लागतो. आधी खुर्चीची वाट आणि घराच्या पातळ्या ठरतात, खोल्या त्यानंतर. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत. मापं फूट-इंचात दिली आहेत, कारण साइटवर मिस्त्री आणि सुतार त्याच भाषेत बोलतात.

## १. आधी माणूस मोजा, मग प्लॉट

आर्किटेक्टकडे जाण्यापूर्वी घरीच एक कागद तयार करा. त्यावर ही मापं हवीत:

- खुर्चीची एकूण रुंदी, चाकं ढकलणाऱ्या हातांच्या कोपरांसकट
- लांबी, पावलं फूटरेस्टवर ठेवून
- बसायच्या गादीची जमिनीपासून उंची
- गुडघ्यांची आणि हातांच्या टेकूंची उंची
- बसल्यावर डोळ्यांची उंची
- बसल्या जागेवरून हात वर, पुढे आणि खाली कुठवर पोचतो
- कमोड खुर्ची (बैठकीला भोक असलेली, संडास-आंघोळीची चाकाची खुर्ची) वापरत असाल तर तिची स्वतंत्र मापं

नेहमीची घडीची खुर्ची साधारण २५ ते २७ इंच रुंद असते. माणूस बसला की लांबी चार फुटांच्या आसपास जाते. म्हणून नकाशावर खुर्चीची जागा ३ फूट बाय ४ फूट धरतात आणि जागच्या जागी पूर्ण वळायला ५ फूट व्यासाचं वर्तुळ. विजेवर चालणारी खुर्ची पुढेमागे घेणार असाल तर वर्तुळ ६ फुटांचं धरा.

आणखी दोन गोष्टी लिहून ठेवा. माणूस खुर्चीतून पलंगावर किंवा कमोडवर कुठल्या बाजूने सरकतो, डावीकडून की उजवीकडून? आणि पाच-दहा वर्षांनी काय असेल? आजार वाढत जाणारा असेल, किंवा खुर्चीतलं मूल मोठं होणार असेल, तर आज स्वतः सरकणाऱ्याला उद्या उचलून ठेवावं लागेल. मदतनीसाची जागा नकाशात आजच धरली पाहिजे.

या कामात ऑक्युपेशनल थेरपिस्टची, म्हणजे रोजची कामं स्वतः करता यावीत म्हणून मदत करणाऱ्या तज्ज्ञाची, फार मदत होते. मुंबईत हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. मोठ्या सरकारी रुग्णालयांतही हा विभाग असतो. तिथे घरातल्या हालचालींचं मूल्यमापन करून लेखी टिपण मागा. आर्किटेक्टला 'जरा मोठं करा' असं सांगण्यापेक्षा ते टिपण हातात देणं केव्हाही बरं. कोल्हापूरकडे जाणं झालं तर नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली सुरू केलेल्या हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड या संस्थेच्या इमारती परवानगी घेऊन जरूर पाहा. रोज व्हीलचेअर वापरणाऱ्यांनीच उभ्या केलेल्या आणि चालवलेल्या जागा बघून जे कळतं ते कुठल्याही कॅटलॉगमध्ये नसतं.

## २. कागदपत्रं आणि हत्यारं

कागदपत्रं कुठल्याही बंगल्याला लागतात तीच: सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, भूमी अभिलेखकडचा मोजणी नकाशा, बिनशेती आदेश, मंजूर लेआउट, खरेदीखत. मोजणी जुनी असेल तर नवीन करून घ्या. रॅम्प बहुधा कडेच्या सामासिक अंतरात, म्हणजे घर आणि हद्द यांत नियमाने मोकळ्या सोडायच्या जागेत, येतो आणि तिथे एक फूट इकडेतिकडे झालं की सगळं गणित बिघडतं.

आर्किटेक्टला देण्यासाठी आणखी एक दस्तऐवज छापून घ्या. केंद्राच्या गृहनिर्माण व नागरी व्यवहार मंत्रालयाने २०२१ साली सार्वत्रिक सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वं आणि मानकं प्रसिद्ध केली आहेत. त्यात रॅम्प, दारं, स्वच्छतागृहं यांच्या आकृत्या मिलिमीटरमध्ये आहेत. ती मुख्यतः सार्वजनिक इमारतींसाठी आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचा सुगम्यतेचा रोखही सार्वजनिक वापराच्या जागांवर आहे. याचा व्यवहारातला अर्थ असा की खासगी बंगल्याचा नकाशा मंजूर करताना बाथरूमचं दार किती इंची आहे हे तुम्हाला कुणीही विचारणार नाही. ते तुम्हालाच विचारावं लागेल.

हत्यारं थोडीच लागतात: टेप, फक्की (जमिनीवर आखायची पांढरी पूड), लेव्हल ट्यूब (पातळी तपासायची पाण्याची नळी), आणि खुर्चीच्या मापाचा पुठ्ठ्याचा तुकडा. नकाशा चौथाई इंचाला एक फूट या प्रमाणात असेल तर पाऊण इंच बाय एक इंचाचा पुठ्ठा कापा आणि नकाशावर सरकवत बसा. मुलं हे काम मन लावून करतात. आमच्या पुतणीने दोन कोपरे शोधून काढले जिथे पुठ्ठा अडकत होता.

## ३. पातळ्या: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

बंगल्यात खुर्ची अडते ती बहुतेक वेळा उंचीमुळे: जोतं (जमिनीपासून घराच्या फरशीपर्यंतचा भरलेला उंचवटा), पोर्चची पायरी, उंबरा, बाथरूमचा खोलगटपणा, मागच्या दाराची पायरी, गच्चीच्या दाराची पायरी. भिंत पुढे पाडता येते. जोतं एकदा भरलं की भरलं.

आपल्याकडे जोतं उंच ठेवायची ओढ असते आणि त्याला कारणही आहे. दर डांबरीकरणात रस्ता वर येतो आणि काही वर्षांनी पावसाचं पाणी अंगणात शिरतं. म्हणून मिस्त्री सहज म्हणतो, 'अडीच फूट घेऊ.' त्याच क्षणी हिशोब करा. रॅम्पचा चढ जास्तीत जास्त १ ला १२, म्हणजे दर एक इंच उंचीला एक फूट लांबी. दीड फूट जोत्याला १८ फूट रॅम्प, अडीच फुटाला ३० फूट. वर आणि खाली प्रत्येकी ५ फूट सपाट जागा वेगळी. हातांनी चाकं ढकलणाऱ्याला रोज चढायला १ ला १२ सुद्धा दमवतो; जागा असेल तर १ ला १५ किंवा १ ला २० घ्या. रॅम्प ३० फुटांहून लांब जात असेल तर मध्ये विसाव्याची सपाट जागा हवीच.

उंची कमी करता येत नसेल तर ती वाटून घ्या. आमचं जोतं पुढच्या जमिनीपासून दीड फूट होतं. त्यातले सहा इंच आम्ही गेट ते पोर्च या दहा फुटांत भराव घालून चढवले. तो चढ १ ला २० पडतो आणि रॅम्प वाटतच नाही. गाडी, सायकल, खुर्ची सगळं त्यावरूनच जातं. उरलेला एक फूट बाजूच्या मोकळ्या जागेतल्या रॅम्पने. प्लॉटला नैसर्गिक चढ असेल तर जोत्याची उंची जिथे सर्वांत कमी भरते तिथून मुख्य प्रवेश घेता येतो का बघा. दार रस्त्यासमोरच हवं असं काही नाही.

रॅम्पबद्दल लक्षात ठेवायचं ते असं:

- रुंदी किमान ४ फूट, दोन्ही बाजूंना रेलिंग. एक दांडा साधारण ३ फुटांवर, दुसरा सव्वादोन ते अडीच फुटांवर.
- मोकळ्या कडेला तीन-चार इंच उंच काठ, म्हणजे पुढची लहान चाकं घसरून बाहेर जात नाहीत.
- वरच्या सपाट जागेवर दार बाहेर उघडत असेल तर ५ फूट पुरत नाहीत. माणसाला खुर्ची मागे घेऊन दार ओढावं लागतं, आणि मागे उतार असतो. दार आत उघडू द्या.
- गुळगुळीत फरशी नको. झाडू फिरवलेलं काँक्रीट किंवा खडबडीत कोटा चांगला.
- सामासिक अंतरात रॅम्प चालतो का आणि किती रुंदीचा, हे अर्ज करण्याआधीच आर्किटेक्टकडून पक्कं करून घ्या.

बाहेरची आणि आतली फरशी एका पातळीत ठेवायची म्हटलं की सगळे पावसाची भीती घालतात. भीती रास्त आहे, पण उपाय सोपा आहे. दारावर चार-पाच फुटांचं छत, फरशीला दारापासून बाहेर हलका उतार आणि दारासमोर जाळीचं गटार. जाळीच्या फटी अर्ध्या इंचाहून कमी आणि खुर्चीच्या दिशेला आडव्या असाव्यात. उभ्या फटीत पुढचं चाक रुतून बसतं.

उंबऱ्याचा प्रश्न आमच्याकडे आईने सोडवला. उंबऱ्याशिवाय घर तिला मान्य नव्हतं. हळदकुंकू कुठे वाहायचं, रांगोळी कुठे काढायची, नवी सून माप कुठे ओलांडणार? मग तिनेच सुचवलं की दगडी उंबरा घालायचा, पण फरशीच्या पातळीत बसवायचा. काळ्या दगडाची पट्टी, कडेला पितळेची बारीक कडा. उंबरा आहे, त्याची पूजा होते आणि खुर्ची त्यावरून आवाज न करता जाते. उंचवटा ठेवावाच लागला तर अर्ध्या इंचाच्या आत, म्हणजे चार सुताच्या आत, आणि दोन्ही बाजूंनी तिरका घासून.

## ४. नकाशा फर्निचरसकट मागा

मंजुरीच्या नकाशात खोल्या रिकाम्या असतात. दहा बाय बाराची रिकामी खोली प्रशस्त दिसते. त्यात सहा बाय साडेसहाचा पलंग आणि दोन फूट खोल कपाट टाका, मग खुर्ची फिरवून बघा. आर्किटेक्टकडे आग्रह धरा की वर्किंग ड्रॉइंगवर, म्हणजे साइटवर बांधकामासाठी वापरतात त्या नकाशावर, पलंग, कपाटं, सोफा, जेवणाचं टेबल, फ्रिज, वॉशिंग मशीन सगळं मापात असेल आणि प्रत्येक खोलीत पाच फुटांचं वर्तुळ काढलेलं असेल.

शक्य तितका पॅसेज टाळा. आमच्या नकाशात हॉल आणि जेवणाची जागा एकच मोठी खोली आहे आणि स्वयंपाकघर, देवघर, दोन्ही बेडरूम तिलाच उघडतात. चार फुटांचा पॅसेज खुर्चीला सरळ जायला पुरतो, पण तिथून काटकोनात वळून दारात शिरायचं तर कोपरे सोलवटतात, भिंतींचे आणि माणसाचेही. पॅसेज करायचाच तर पाच फुटांचा करा.

इथला मोठा सापळा मापाचा आहे. नकाशावरचं माप विटेपासून विटेपर्यंत असतं. त्यावर दोन्ही बाजूंना गिलावा येतो, बाथरूममध्ये वर टाइल्स येतात. पाच फूट म्हणून काढलेली जागा तयार होताना पावणेपाच फूट उरते. शिवाय सहा इंची भिंतीत नऊ इंची कॉलम असेल तर तो तीन इंच कुठेतरी बाहेर येणार. तो पॅसेजच्या किंवा बाथरूमच्या बाजूला येऊ नये हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला आधीच सांगा. नकाशावर 'तयार माप' असं लिहूनच घ्या.

बाहेर पडायला दुसरी वाटही हवी. सिलिंडर पेटला किंवा पुढचं दार अडकलं तर खुर्चीतल्या माणसाने काय करायचं? मागच्या दाराला पायरी ठेवू नका. तुळशीभोवतीही चार फूट फरसबंदी करा. दादा रोज सकाळी पाणी घालतो ते त्याच वाटेने जाऊन.

## ५. दारं

'तीन फुटी दार' म्हणजे चौकटीचं बाहेरचं माप. चौकटीची लाकडं, उघडलेल्या फळीची जाडी आणि बिजागरी वजा केली की हातात जेमतेम तीस इंच उरतात. सत्तावीस इंची खुर्चीला दोन्हीकडे दीड-दीड इंच. बोटं ठेचतातच. मोकळी जागा तीन फूट हवी असेल तर चौकट साडेतीन फुटी सांगा, आणि हे सगळ्या दारांना लागू आहे. आपल्याकडे संडास-बाथरूमला अडीच फुटी दार लावायची सवय आहे. चौकटी एकदम ऑर्डर होतात, त्यामुळे यादीत ते चुकून तसंच राहतं. यादी स्वतः तपासा.

दार खोलीच्या अगदी कोपऱ्यात बसवायचीही पद्धत आहे. खुर्चीत बसून दार आपल्याकडे ओढायचं तर कडीच्या बाजूला दीड फूट मोकळी भिंत लागते, नाहीतर पाय मध्ये येतात. हा दीड फूट आर्किटेक्टला फुकट गेल्यासारखा वाटेल. तो सोडू नका.

बाथरूमचं दार आत उघडू नये. आत माणूस पडला तर दार त्याच्यावरच अडतं. सरकतं दार सर्वांत सोयीचं, पण त्याचा रूळ वरून लटकता हवा. जमिनीत खाच किंवा पट्टी नको. कड्या गोल मुठीच्या नकोत. खाली दाबायचं हँडल बोटांत जोर नसला तरी मनगटाने उघडतं.

## ६. न्हाणी आणि संडास

घरातली सर्वांत महत्त्वाची खोली ही. इथे सोय झाली तर माणूस स्वतःचं स्वतः करतो, नाही झाली तर रोज सकाळी दुसऱ्यावर अवलंबून. बाकी कुठेही जागा कापा, इथे कापू नका. आमचं तयार माप आठ बाय सात फूट आहे. सातच्या खाली जाऊ नका.

सगळ्यात आधी एक निर्णय घ्या, कारण कमोडची उंची त्यावर ठरते. माणूस खुर्चीतून कमोडवर सरकणार की चाकाच्या कमोड खुर्चीत बसून भांड्यावर येणार? सरकायचं असेल तर कमोडची बैठक खुर्चीच्या गादीइतकी, साधारण १८ ते १९ इंचांवर हवी. नेहमीचं भांडं त्याहून खाली असतं. कमोड खुर्ची वापरायची असेल तर भांडं उलट तिच्या बैठकीखाली सहज गेलं पाहिजे, आणि उंच केलेलं भांडं तिथे अडतं. दुकानदार 'अपंगांचा कमोड' म्हणून उंच भांडं देईल. आधी कमोड खुर्चीखालची मोकळी उंची मोजा. भिंतीवर टांगलेलं भांडं घेतलं तर बसवतानाच हवी ती उंची ठरवता येते.

सरकण्यासाठी भांड्याच्या एका बाजूला तीन फूट मोकळी जागा ठेवा. कुठली बाजू, ते पहिल्या पायरीतल्या कागदावर लिहिलेलं आहे. दुसऱ्या बाजूच्या भिंतीपासून भांड्याची मध्यरेषा दीड फुटावर, म्हणजे भिंतीवरचा दांडा हाताच्या टप्प्यात येतो. मोकळ्या बाजूला वर उचलता येणारा दांडा.

दांड्यांचं ओझं भिंतीने पेललं पाहिजे. माणूस पूर्ण वजन टाकतो, तेही झटक्याने. सिपोरेक्सच्या (हलक्या, सच्छिद्र ब्लॉकच्या) किंवा पोकळ ब्लॉकच्या भिंतीत साधे स्क्रू काही महिन्यांत ढिले होतात. जिथे दांडे येणार तिथे भिंत पक्क्या विटांची बांधा किंवा काँक्रीटचा पट्टा घाला आणि टाइल्स लावण्यापूर्वी त्याचा फोटो मापासकट काढून ठेवा. आज नको असलेल्या दांड्यांसाठीही पट्टा घालून ठेवा. दांडा सव्वा ते दीड इंच जाडीचा आणि भिंतीपासून दोन इंचांच्या आत. फट जास्त असली तर घसरलेला हात कोपरापर्यंत आत जातो.

जमीन बेडरूमच्या पातळीतच हवी. मिस्त्री सवयीने बाथरूम एक इंच खाली घेतो आणि दारात ग्रॅनाइटची पट्टी बसवतो. हे टाळायचं तर उताराचं नियोजन सुरुवातीपासून हवं. आंघोळीची जागा दारापासून सर्वांत लांबच्या भिंतीशी, त्या भिंतीच्या कडेने लांबट जाळीचं गटार आणि सगळा उतार तिकडे, दर फुटाला एक ते दीड सूत. मध्ये गोल जाळी ठेवून चारही बाजूंनी उतार दिला तर खुर्ची डुगडुगते आणि ब्रेक लावूनही सरकते. उतार एकाच दिशेने असेल तर बसायला स्थिर वाटतं. त्यासाठी खालचा भराव, वॉटरप्रूफिंग आणि ट्रॅपची, म्हणजे दुर्गंधी अडवणाऱ्या वाकड्या पाइपची, खोली आधी ठरते, म्हणून हे प्लंबर येण्यापूर्वी कागदावर पाहिजे.

बेसिनखाली गुडघे गेले पाहिजेत: खाली सव्वादोन ते अडीच फूट मोकळी उंची, बेसिनची कडा साधारण पावणेतीन फुटांच्या आत. खाली कपाट किंवा खांब नको. बाटली ट्रॅप मागे भिंतीशी ढकलून घ्या. गरम पाण्याचा पाइप उघडा ठेवू नका. आरसा खालपर्यंत.

गरम पाण्याबद्दल कळकळीने सांगते. मणक्याच्या इजेनंतर बऱ्याचदा पायांना संवेदना नसते किंवा कमी असते. सोलरचं पाणी उन्हाळ्यात साठ अंशांच्या वर सहज जातं. पाय भाजतो आणि माणसाला कळतच नाही. जखम भरायला महिने लागतात. तापमान बांधून देणारा मिक्सर व्हॉल्व्ह घ्या आणि पाणी चाळीस अंशांच्या आसपास बांधा. बाकी सगळ्या खर्चात काटकसर करा, यात नको.

हाक मारायच्या घंटीची दोरी जमिनीजवळपर्यंत लोंबती हवी. पडलेल्या माणसाचा हात भिंतीवरच्या बटणाला पोचत नाही.

## ७. बेडरूम

पलंगाच्या एका बाजूला पाच फूट, दुसऱ्या बाजूला तीन फूट. पलंगाची उंची गादीसकट खुर्चीच्या बैठकीइतकी. बॉक्सचा पलंग घेऊ नका: खाली मोकळं नसलं की खुर्चीचे फूटरेस्ट अडतात, आणि पुढे रुग्ण उचलायचं होइस्ट आणलं तर त्याचे पाय आत जात नाहीत. पायांचा पलंग, खाली पाच-सहा इंच मोकळा.

ही खोली पश्चिमेला नको. मणक्याची इजा मानेजवळ किंवा छातीच्या वरच्या भागात असेल तर शरीराला घाम येऊन थंड होता येत नाही. एप्रिल-मेमधली तापलेली पश्चिमेची भिंत अशा माणसाला खरोखर आजारी पाडते. वास्तू बघायची असेल तर हे सगळं वास्तुतज्ज्ञाला पहिल्याच बैठकीत सांगा. नंतर दिशा आणि सोय यांची रस्सीखेच होते.

## ८. स्वयंपाकघर आणि देवघर

ओटा कुणासाठी, हे आधी ठरवा. आमच्याकडे वहिनी आणि दादा दोघंही स्वयंपाक करतात, म्हणून ओटा दोन उंचींचा आहे. मोठा भाग नेहमीच्या उंचीवर, आणि चार फुटांचा भाग तीस-एकतीस इंचांवर, खाली तीन फूट रुंद मोकळा. भाजी चिरणं, कणीक मळणं, चहा ही कामं खालच्या भागावर. ग्रॅनाइटला आधार देणारा कडाप्पा उभा लावतात तो इथे चालत नाही. भिंतीतून लोखंडी ब्रॅकेट घ्यावे लागतात आणि ते ओटा बांधतानाच. सिंक उथळ, पाच-सहा इंचांचं. ओटा आणि समोरची भिंत किंवा फ्रिज यांत पाच फूट. सिलिंडर बाहेर ठेवून पाइप आत घेतला तर गॅस बंद करायचा कॉक बसून हात पोचेल तिथे हवा.

देवघर विसरू नका. जमिनीवरचं देवघर खुर्चीतून केवळ बघता येतं. आमचं भिंतीतल्या कोनाड्यात आहे, पाट सव्वादोन फुटांवर आणि खाली गुडघ्यांना जागा. आई समोर स्टुलावर बसते, तिचेही गुडघे आता साथ देत नाहीत. गणपतीत दादाच्या हातून प्राणप्रतिष्ठा होते.

## ९. वरचा मजला

प्लॉट पुरत असेल तर रोजचं सगळं तळमजल्यावरच बसवा, मुलांची खोलीही. वर बेडरूम काढल्या की आईबापांपैकी एकजण मुलांच्या खोलीत कधीच जात नाही.

तरीही गच्ची असतेच, आणि कोजागिरीला सगळे वर जातात. लिफ्ट आज परवडत नसेल तर तिची जागा ठेवा. साधारण सहा बाय सहा फुटांची कपाटाची खोली तळमजल्यावर आणि तिच्या बरोबर वर तशीच. वरच्या स्लॅबला तिथे चौकोन सोडून भोवती बीम घेतले की पुढे तो तुकडा काढून लिफ्ट बसवता येते. आतला पाळणा किमान साडेतीन बाय साडेचार फूट आणि दार तीन फूट मोकळं हवं. खालच्या खड्ड्याची खोली लिफ्टच्या प्रकारावर ठरते, तेव्हा पाया खणण्यापूर्वीच दोन-तीन कंपन्यांची ड्रॉइंग मागवा. बसवायला लिफ्ट निरीक्षकांची परवानगी लागते. लिफ्ट झाली की गच्चीच्या दाराची पायरीही काढावी लागेल. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची जाडी धरून ती पातळी आत्ताच ठरवा.

## १०. बटणं, खिडक्या, फरशी

बटणं साडेतीन फुटांवर, सॉकेट दीड फुटाच्या खाली नकोत. खुर्ची विजेची असेल तर तिच्या रात्रीच्या जागेजवळ चार्जिंगचा पॉइंट, इन्व्हर्टरवर घेतलेला. खिडकीचं तळ दोन ते सव्वादोन फुटांवर. तीन फुटांच्या खिडकीतून बसलेल्या माणसाला समोरच्यांची गच्ची आणि आकाश दिसतं, रस्ता दिसत नाही. दाराचं भिंग पावणेचार फुटांवर आणखी एक. आत मॅट फरशी. चकचकीत व्हिट्रिफाइडवर ओली चाकं घसरतात. अंगणात फटीफटीचे दगड नकोत.

## ११. फक्की मारा आणि खुर्ची फिरवा

नकाशा पक्का करण्याआधी प्लॉटवर किंवा एखाद्या मैदानात संपूर्ण तळमजला फक्कीने खऱ्या मापात आखा. दारांच्या जागी विटा ठेवा, पलंग आणि कमोडच्या जागी चौकोन काढा. मग खुर्चीतल्या माणसाला गेटपासून पलंगापर्यंत, पलंगापासून न्हाणीपर्यंत, तिथून स्वयंपाकघरात आणि मागच्या दाराने बाहेर जायला सांगा. बाकीच्यांनी मध्ये उभं राहायचं, सणाच्या दिवशी घरात असतात तसं. दादाने अशी फेरी मारली आणि जेवणाच्या टेबलाची जागा तिथल्या तिथे बदलली. जमीन खडबडीत असेल तर खाली प्लायवुड टाका.

काम सुरू झाल्यावर चार दिवस असे आहेत की घरच्या कुणीतरी साइटवर हजर असलंच पाहिजे: जोत्याची पातळी घेतात तो, चौकटी उभ्या करतात तो, बाथरूमचा भराव घालतात तो आणि फरशी बसवायला सुरुवात होते तो. लेव्हल ट्यूब स्वतः धरा. बाथरूमची फरशी झाली की सिमेंट वाळू द्या, मग आंघोळीच्या जागी दोन बादल्या पाणी ओता. पाणी दाराकडे न येता जाळीत गेलं पाहिजे आणि कुठे थारोळं राहता कामा नये. राहिलं तर फरशी उचलून परत बसवायला सांगा, आणि ते होईपर्यंत फरशीवाल्याचा शेवटचा हप्ता देऊ नका.